पायरीवरची घागर

मॉलमधल्या थिएटरच्या दारातल्या मुलीने हिच्या पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि बाजूच्या टोपलीत टाकली. ठेवली नाही, टाकली.

"बाहेरचं खाणं अलाऊड नाही, आजी."

मीच भांडलो. "बाहेरचं कसं? घरचं आहे ते."

मुलगी हसली. मागे रांगेत उभे होते तेही हसले. मी विनोद केला नव्हता.

आत त्याच लोकांनी मक्याच्या लाह्यांचे बादलीएवढे डबे विकायला ठेवले होते. ते खाणं चालतं. आमच्या पुडीत होतं काय? सकाळी तव्यावर भाजलेले शेंगदाणे, हाताने चोळून सालं काढलेले. वर वर्तमानपत्राचा कागद आणि त्याला दोरा. ती पुडी मला परत पाहिजे. सिनेमा बघून आलो तो आमचा एकत्र घालवलेला शेवटचा दिवस होता, म्हणून पाहिजे असं नाही. तसलं हळवं मी लिहीत नाही. मला त्या पुडीत शेवटी किती शेंगदाणे उरले असते ते बघायचं होतं. आता कोणी म्हणेल म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणू दे. पण आधी ऐका.

ही म्हणजे माझी बायको शकुंतला. आळीत सगळे शकूवहिनी म्हणायचे. आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीत. मी तांबट. जन्मभर तांब्यावर ठोके घातले, त्यात कान गेले. उजवा पूर्ण गेला, डाव्यात थोडी धुगधुगी आहे. शाळा चौथीपर्यंत. हे सांगतो अशासाठी की पुढे कुठे शुद्धलेखन चुकलं तर चुकलं.

ही गेल्यावर आमच्या सुनीलने, म्हणजे मुलाने, पेपरात दिलं. कोथरूडला राहतो तो. "प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल." मी वाचलं आणि त्याला फोन केला. "ही कोण बाई गेली? आपल्यापैकी आहे का कोणी?"

"बाबा, असंच लिहितात."

असंच लिहितात! मनमिळाऊ म्हणे. अर्ध्या आळीशी तिचं सिनेमावरून वाजलेलं होतं. एका बाईशी दोन दिवाळ्या फराळाची देवघेव बंद होती. कारण काय, तर त्या बाईला एका नटाचं रडणं आवडलं होतं आणि ही म्हणाली होती, "त्याच्या डोळ्यांपेक्षा आमचा नळ बरा." भेटायला आलेले सगळे म्हणाले, वहिनींना सिनेमाचा भारी नाद. नाद पोरांना असतो पतंगाचा. ही नादावलेली नव्हती. ही सिनेमाचा न्याय करायची. मुलाला ते पेपरात देता आलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय.

हिचं माहेर मांजरी गावचं. शेतकरी घर, ऊस. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडात सगळं गावचं, "हाय", "न्हाई", "कुटं". आमच्या आईने तिचं बोलणं चिंच लावून घासावं तसं घासून पेठेतलं केलं. पण थिएटरात दिवे गेले की ते सगळं निघून जायचं. अंधारात ती पुन्हा मांजरीची व्हायची.

लग्नानंतरचा पहिला सिनेमा आम्ही घराजवळच्या थिएटरात बघितला. चालत जायचो. आता तिथे कपड्यांचं चार मजली दुकान आहे. सुभद्रा सरनोबत नावाच्या नटीचा तो पहिलाच सिनेमा. पुढे ती केवढी मोठी झाली, पण तेव्हा कोणाला माहीत नव्हती. सगळं थिएटर तिच्या नाकाकडे आणि नथीकडे बघत होतं. एक प्रसंग असा की ती नदीवरून पाणी घेऊन येते. मागे नाचणाऱ्या पोरींचा थवा, त्यांच्याही कमरेवर घागरी. हिने एकदम माझं मनगट धरलं.

"ती बाई पाणी वाहती हाय."

"सगळ्याच वाहतायत की," मी म्हणालो.

"न्हाई. त्या रिकामं भांडं मिरवत्यात. हिची भरल्याली हाय. अंग बघा कसं दुसरीकडं कललंय. मोकळा हात लांब धरलाय, तोल जाऊ नये म्हणून. आन् पाय बघा, कसा चापून टाकती."

मी घागरी घडवणारा माणूस. पण भरून वाहण्याचं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. मी बघितलं, आणि खरंच, पडद्यावर एकच बाई ओझं घेऊन चालत होती. बाकीच्या नुसत्या हलत होत्या.

तेव्हापासून हिचं माप ठरलं. घागर भरलेली की रिकामी. आई मेली म्हणून हीरो छाती बडवतोय, रिकामी. खलनायक डोळे वटारून गरजतोय, रिकामी. आणि एखादा पोस्टमन दोन वाक्यं बोलून निघून जायचा, आणि ही घरी येऊन म्हणायची, सगळ्या सिनेमात त्या पोस्टमनचीच तेवढी भरलेली होती.

सिनेमाला जाताना शेंगदाणे बरोबर असायचेच. सिनेमा कंटाळवाणा निघाला की हाताला चाळा म्हणून एकेक दाणा तोंडात जायचा. पुडी मध्यंतराआधी संपली तर समजायचं, हा सिनेमा मेला. आणि सिनेमा धरून ठेवणारा असला की हात पुडीत तसाच राहायचा. बंद मुठीत दाणे. ते तसेच घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी खलबत्त्यात जायचे. चांगल्या सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी असे. चटणी खाताना मला कळायचं, काल काहीतरी चांगलं बघितलं.

दुसरी खूण माझ्या कानाची. मला ऐकू येत नाही म्हणून ही माझ्या डाव्या कानात संवाद सांगायची. पण सगळे नाही हं. सांगण्यासारखे असतील तेवढेच. काही सिनेमे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मुका बघितलेत. मी कोपराने ढोसायचो, "काय म्हणाला तो?" ही म्हणायची, "काय न्हाई म्हणाला." तो तर पाच मिनिटं बोलत असायचा.

एकदा पुढच्या रांगेतला एकजण वळून म्हणाला, "काकू, आम्हालाही ऐकू येतंय बरं का पडद्यावरचं."

"तुमास्नी येतंय, यास्नी येत न्हाई," ही म्हणाली. "तुमचा एक कान देता का यास्नी? मंग मी गप बसती."

तो सिनेमा संपेपर्यंत वळला नाही.

पण सिनेमा बघून आल्या आल्या हिला काही विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर एकच. "उद्या. मुरू द्या." लोणच्यासारखं. रात्रभर मुरला की सकाळी निकाल. आळीतल्या बायका नळावर, दळणाच्या वाटेवर थांबून विचारायच्या आणि मग वाद सुरू. माझ्या ठोक्यांच्या आवाजात त्यांचं त्यांना ऐकू यायचं नाही, मग त्या अजून मोठ्याने ओरडायच्या. एक दिवस मी हातोडी आपटली. "इथे काम करायचं की सभा भरवायची?"

त्यावर हिने काढलेली युक्ती म्हणजे घागर. तिच्या माहेरची जुनी घागर होती, एका बाजूला पोचा आलेली. मी कितीदा म्हणालो, दे, दोन ठोक्यांत काढतो. "नको. तो माझ्या कमरेचा पोचा आहे." आदल्या संध्याकाळी ती घागर चिंच-मीठ लावून लख्ख करायची आणि सकाळी आमच्या दाराच्या पायरीवर ठेवायची. सुलटी ठेवली, तर सिनेमा बघा. पालथी ठेवली, तर पैसे वाचवा. मध्येच कधी आडवी, म्हणजे कोणी नेलंच तर जा. बायका जाता येता पायरीकडे नजर टाकायच्या आणि पुढे जायच्या. ना सभा, ना ओरडा. बाहेरच्या पेठांतून लोक देवळाला म्हणून यायचे आणि आमची पायरी बघून जायचे.

एकदा थिएटरचा मॅनेजर घरी आला. सफारी, हातात पानाचा डबा. मी म्हटलं, काही भांडी हवी असतील. तो म्हणाला, "वहिनी, जरा घागर सुलटी करा. बायकांचा दुपारचा खेळ रिकामा जातोय."

हिने त्याला चहा दिला. "सिनेमा तुम्ही सुधारा. घागर मी सुधारते."

"सिनेमा मी काढतो का? मी नुसता दाखवतो."

"मीही नुसती ठेवते."

मग तो पासवर आला. दर शुक्रवारी दोन पास, बाल्कनीचे, कायमचे. मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. ही म्हणाली, "नको. फुकट बघितलेल्याला वाईट म्हणताना जीभ जड होते." तो गेल्यावर मी चिडलो, तर म्हणाली, "तुम्हाला पाहिजे तर घ्या ना. तुम्हाला काय, ऐकू थोडंच येतंय!"

आता पेपरात परीक्षणं येतात. चांदण्या देतात. पाचपैकी साडेचार. सिनेमा लागायच्या आधीच चांदण्या छापून तयार. मुरला कधी तो? आणि लिहितात कसं, "सहजसुंदर", "काळजाला हात घालणारा", "चुकवू नये असा". सगळ्या सिनेमांना तेच शब्द, जशी आमच्या सुनीलची मनमिळाऊ. ही चष्मा लावून सगळं मोठ्याने वाचायची आणि त्याच कागदावर भाजी निवडायची.

सुभद्रा सरनोबत ही तिची बाई. पण माझी नटी, माझी देवी, असलं काही नाही. घरात फोटो नाही, कात्रण नाही. आवडत्या माणसाशी जास्त कडक वागायची तिची रीत होती, ती मी संसारात बघितलीच आहे. नवीन असताना बाईंच्या एकामागून एक सिनेमांना घागर सुलटी. मग त्यांचं वय वाढलं. तरीही निर्माते त्यांना कॉलेजची पोरगी करून झाडाभोवती पळवायला लागले. पहिल्याच असल्या सिनेमाला घागर पालथी.

समोर रुक्सानाभाभींचं बांगड्यांचं दुकान. त्यांचे सासरे, आजेसासरे याच आळीतले. हिची त्यांच्याशी रोज भांडणारी मैत्री. त्या दुकानातून ओरडल्या, "शकूवहिनी, चुकून पालथी पडली वाटतं! तुमच्याच बाईचा सिनेमा आहे ना?"

"माझ्या बाईचा आहे म्हणूनच पालथी. दुसरीचा असता तर आडवी ठेवली असती."

मग बाईंना आयांची कामं मिळायला लागली. शिवणयंत्र, खोकला, रडणं. घागर पालथी, पालथी, पालथी. मी म्हणायचो, मग जातेस कशाला? ती म्हणायची, "ती सोडत नाही, मी कशी सोडू?" आणि मग एक सिनेमा आला. त्यात बाई खाष्ट सासू. सगळे सुनेसाठी हळहळत बाहेर पडले. हिची मात्र मूठ बंद. दुसऱ्या दिवशी चटणी. सकाळी घागर सुलटी. मला म्हणाली, "बघितलंत का, सुनेला बोलायच्या आधी ती प्रत्येक वेळी स्वतःच्या बांगड्या मागे सारते. तिच्या सासूने तिला मारलं असणार. ते कुठे सांगितलेलं नाही, पण तिला माहीत आहे." नंतर बाई विनोदी मावशी झाल्या, एका सिनेमात तर मुक्या झाल्या. ही म्हणायची, दुसऱ्या नट्या तोंड म्हातारं करतात, पावडर लावून. सुभद्राबाईंनी पाठ म्हातारी केली. बसताना आधी हात टेकतो, मग माणूस. एवढ्या वर्षांच्या कामाबद्दल लोक भाषणं करतात. ही एका वाक्यात सांगायची, "त्या बाईने कधी ओझं खाली ठेवलं नाही."

त्या बाईंचा पुण्यात सत्कार झाला. ही आणि रुक्सानाभाभी गेल्या, मला सोबत म्हणून नेलं. कार्यक्रम संपल्यावर बायका सही घ्यायला रांगेत. हिच्या हातात कागद नाही, पेन नाही. नंबर आला तसं विचारलं, "बाई, तुमच्या पहिल्या सिनेमात नदीवरून येताना घागर भरलेली होती ना?"

हे विचारायचं कारण, भाभींशी याच घागरीवरून हिचा कित्येक वर्षांचा वाद. भाभी म्हणायच्या रिकामी असणार, ही म्हणायची काठोकाठ भरलेली.

सुभद्राबाई हसल्या. "रिकामी होती हो! भरली असती तर कंबर राहिली असती का? दिवसभर चालवलं मला त्यांनी."

भाभींनी तिथेच टाळी वाजवली. हिचा चेहरा बघवेना. बाईंनी ते बघितलं असणार. हिचा हात धरून म्हणाल्या, "आदल्या दिवशी मात्र भरून घेऊन चालले होते. नदीपासून वरपर्यंत. दुसऱ्या दिवशी अंगच विसरायला तयार नव्हतं."

दोन दिवस हिने भाभींच्या दुकानाकडे बघितलं नाही. "एवढी वर्षं फसवलं मला त्या बाईने," म्हणून धुणं आपटलं. मी म्हटलं, सिनेमा आहे तो, फसवणारच. तर माझ्यावरच उखडली. मग तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता लाटणं थांबलं. "अहो, पण रिकामी उचलून भरलेली दाखवली. मी वाहिलीय, आणि मलासुद्धा कळलं नाही." थोड्या वेळाने दारात गेली आणि समोर ओरडली, "भाभी, हरले मी! पण तुमच्यापुढे नाही, त्या बाईपुढे!"

आता गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. सुभद्राबाई ऐंशीच्या घरात. म्हणाल्या, हा माझा शेवटचा सिनेमा. टीव्हीवर सगळीकडे तेच. हिचं हृदय तोपर्यंत थकलं होतं. जिना चढली की ओठ निळे. डॉक्टरांनी बाहेर जायला मनाई केलेली. सुनील म्हणाला, "आई, दोन महिन्यांत मोबाईलवर येईल. मी लावून देतो. पडून बघ."

"पडून आजारपण बघायचं असतं. सिनेमा बसून बघतात."

"तुझी तब्येत..."

"ती बाई ऐंशीची झाली. माझ्या तब्येतीसाठी थांबली का ती? शेवटचा आहे, सांगून ठेवलंय तिने. त्याची घागर ठेवल्याशिवाय कशी राहू?"

तर आम्ही गेलो. सगळ्या पुण्यात त्या मराठी सिनेमाला धड वेळेचा एक खेळ नाही. लांबच्या मॉलमध्ये, भर जेवणाच्या वेळेला. बाकीचे सगळे पडदे कुठल्याशा मारामारीच्या सिनेमाला. पुण्यात मराठी सिनेमाला जागा नाही, आणि कोणाला त्याची लाज नाही. रिक्षा, मग सरकता जिना, त्याची हिला भीती, मग लिफ्ट, आणि मग दारात ती मुलगी आणि ती टोपली.

आत खुर्च्या पलंगासारख्या. आवाज एवढा की छातीत धडधडावं. मला सगळं ऐकू आलं. कान गेल्यापासून पहिल्यांदा मला सगळा सिनेमा ऐकू आला, आणि मला तो नको होता. कारण मग ही माझ्या कानात काही सांगेना. सांगायची गरजच राहिली नाही. पुडी आधीच गेली होती. ती खूणही गेली, ही खूणही गेली.

सिनेमा काय होता? परदेशी गेलेला मुलगा, कोकणातलं घर, वरून विमानातून दाखवावा तसा समुद्र. सुभद्राबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल टाकली आणि प्रत्येक वेळी त्या काही बोलणार की सारंगी सुरू. नात येते, अर्धं इंग्रजी बोलते, मिठी मारते. एवढी मोठी बाई, तिला सामानासारखी इकडून तिकडे ढकलत होते. मी दात खात बसलो होतो. आणि त्या घराच्या कोपऱ्यात एक तांब्याची घागर ठेवलेली. तिच्यात काय, तर वाळकं गवत! शोभेला! माझ्या जातीच्या माणसांनी त्यासाठी हात झिजवले.

एका प्रसंगात बाई खोलीत एकट्या. खुर्ची त्या घागरीपाशी येते. बाई ते गवत काढतात, बाजूला ठेवतात. घागरीच्या काठावर हात ठेवतात. बस, एवढंच. पुन्हा सारंगी.

मी हिच्याकडे वळलो. हिने पदर तोंडाला लावला होता. डोळे मिटलेले. रडत होती की जांभई दाबत होती, मला अंधारात कळलं नाही. आणि हात मांडीवर मोकळे. त्या हातांत शेंगदाणे असते तर मला कळलं असतं. म्हणून ती पुडी पाहिजे. म्हणून मी त्या मुलीला माफ करणार नाही, तिची नोकरी असेल तरी नाही.

रिक्षात मला राहवेना, म्हणून विचारलं. "कसा वाटला?"

"उद्या. मुरू द्या."

"अगं, शेवटचा आहे, आजच सांग की."

"शेवटचा म्हणून काय कच्चा वाढू?"

घरी येऊन तिने खिचडी टाकली. मग चिंच भिजवली आणि घागर घासायला बसली. मी म्हटलं, दे, मी घासतो. नाही म्हणाली. दमत दमत घासली, पुसली आणि खाटेखाली ठेवली. पण घागर घासली म्हणजे आवडला असं नाही. पालथी ठेवायचीसुद्धा ती घासूनच ठेवायची.

नंतर मी परत गेलो होतो त्या सिनेमाला. दिवसकार्य झाल्यावर, एकटा. म्हटलं, तिच्यासारखा बघू, कुठे काय दिसतंय का. खिडकीतला पोरगा म्हणाला, "तो उतरला, आजोबा. आठवडाच चालला." आठवडा! आमच्या आळीत लोणचंसुद्धा त्याहून जास्त दिवस मुरतं. पुढे दोन महिन्यांनी सुनीलने फोनवर लावून दिला, वीतभर पडद्यावर. मी दोन मिनिटांत बंद केला. त्यात बाईंचा हात माझ्या नखाएवढा दिसत होता. पेपरवाल्यांनी चांदण्या दिल्या, सत्कारवाल्यांनी भाषणं केली, "कारकिर्दीचा कळस" म्हणाले. कळस होता की नाही, ते सांगणारी एकच बाई होती. ती सांगायच्या आत गेली. भेटायला येणारे म्हणतात, "शांतपणे गेल्या हो, झोपेत, भाग्याच्या." कसलं डोंबलाचं भाग्य? बोलायचं राहून गेलं तिचं. मी तिच्यावरसुद्धा चिडलेलो आहे. एक शब्द रिक्षात सांगितला असता तर काय बिघडलं असतं? बरा, वाईट, एवढंच. पण नाही. मुरू द्या म्हणे.

त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

मी उठलो तेव्हा ती कुशीवर होती, भिंतीकडे तोंड. चहा ठेवला, हाक मारली. मग जवळ गेलो. हात लावल्यावर कळलंच. तांब्याचं काम करणाऱ्याला गार काय आणि गरम काय हे हाताला लगेच कळतं. किती वेळ खाटेच्या कडेला बसलो, माहीत नाही. सुनीलला फोन करायचा होता. डॉक्टरांना बोलवायचं होतं. चहा उतू गेला, त्याचा वास आला. गॅस बंद केला.

आणि मग आळीतलं सकाळचं सुरू झालं. कोणाची बादली, कोणाचा स्टोव्ह, देवळाची घंटा. आता बायका बाहेर पडणार. आता पायरीकडे बघणार. सगळ्यांना माहीत होतं, आम्ही काल बाईंचा शेवटचा सिनेमा बघून आलो. मी वाकलो आणि खाटेखालची घागर ओढली. लख्ख होती. काठावर चिंचेचा एक दोरा राहिला होता, तो काढला. कमरेवर घेतली आणि दार उघडून पायरीवर आलो.

आणि ठेवता येईना.

मला विचाराल तर पालथी. त्या बाईला त्यांनी खुर्चीत बसवून फुकट घालवली, सरळ पालथी. आणि तिचा नवरा म्हणून विचाराल तर सुलटी, नुसती सुलटी नाही, काठोकाठ पाणी भरून. पण ते दोन्ही माझं झालं. हिने कधी मायेने घागर सुलटी ठेवली नाही आणि रागाने पालथी ठेवली नाही. आडवी ठेवावी म्हटलं, तर ती पळवाट झाली. मी वाकायचो, पुन्हा सरळ व्हायचो. तसाच उभा राहिलो, एका अंगाला कललेला, पाय चापून, दुसरा हात चौकटीवर.

समोर रुक्सानाभाभींनी दुकानाचं शटर वर केलं. वळल्या. हसल्या, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि थांबल्या. माझ्या पायांकडे बघितलं.

"अहो भाऊ, या वयात एवढी भरलेली कशाला उचललीत? पाठ धरेल. ठेवा खाली."

"रिकामी आहे, भाभी," मी म्हणालो.